कॅमेरा बंद, दार उघडं

दातांच्या दवाखान्यात दुखऱ्या दाढेवर हात दाबून बसलेल्या शिंप्याने बराच वेळ कान दिला, पण शेजारच्या मावशी-भाचीचा विषय काही त्याच्या डोक्यात शिरेना.

"शनिवारी ऑनलाइन सभा आहे, मावशी. मनावर घाव बसलेल्या पेशंटला दवाखान्यांनी सांभाळून घ्यावं, हात लावण्याआधी विचारावं, म्हणून."

"मग तोंड पाडून का बसलीस?"

"काल रंगीत तालीम फसली. आमचा नियमच आहे, कॅमेऱ्याची सक्ती नाही, बोलायची सक्ती नाही."

"बरं."

"सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवले आणि कुणी बोललंच नाही. मी तरी आग्रह कसा करणार?"

"म्हणजे सगळे मूग गिळून बसलात?"

"शेवटी एकीने आभार मानले."

"कशाचे?"

"तेच कुणाला कळलं नाही."

शिंप्याला हसू आलं आणि दाढेतून कळ गेली.

"बोलायला कुणी पेशंट तरी मिळाला का गं?"

"छे! सगळे म्हणतात, आम्हाला काय झालंय?"

तेवढ्यात आतल्या मदतनीस बाईने मावशीला हाक मारली. "या, आणि दार लावून घ्या."

"दार उघडं राहू दे."

"अहो, बाहेरचे बघतात."

"बघू देत. नाहीतर मी चालले घरी."

"मावशी, तू दर वेळी असं का..."

"तुमचा नियम काय गं?"

"बोलायची सक्ती नाही."

"मग ही पिशवी धर, आणि मला दिसशील अशी बस."

शिंप्याने आपली खुर्ची उचलून उघड्या दाराला टेकवली, आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.