पत्र तुमचं तुम्हीच लिहा

(विल्मिंग्टन, लाँग बीच बंदराला लागून. दुपार. आदेला घरी शिवणयंत्रावर बसली आहे. तिचा नवरा एलिसेओ, वय अठ्ठावन्न, नुकताच बाहेरून आला आहे.)

आदेला : म्हणजे चाचणीत ट्रक मागे घेता आला नाही तुला?

एलिसेओ : आला की. चाळीस फुटी कंटेनर, दोन्हीकडे वीतभर जागा. एका दमात लावला. ओचोआबाई, त्या नव्या कंपनीच्या व्यवस्थापक, खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, इतका सरळ लावणारा बऱ्याच दिवसांत पाहिला नाही.

आदेला : मग तोंड असं का?

एलिसेओ : नोकरी द्यायला तयार होत्या गं. खरी नोकरी. आजारपणाची रजा, ट्रक बिघडला तर दुरुस्ती त्यांची. फक्त म्हणाल्या, मागच्या तीन वर्षांच्या कामाचं पत्र आणा. त्याशिवाय विमावाले गाडी रस्त्यावर काढू देत नाहीत.

आदेला : तीन कसली, अकरा वर्षं ओढलीस तू. त्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या दाखवायच्या होत्या.

एलिसेओ : दाखवल्या. त्यांवर कंपनीचा नंबर आहे, माझं नाव कुठेच नाही. म्हणून तिथूनच जुन्या कंपनीत गेलो.

आदेला : फेब्रुवारीत तक्रार केल्यावर ज्यांनी ट्रकची किल्ली काढून घेतली, त्यांच्या दारात? मला न सांगता?

एलिसेओ : सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?

आदेला : पुढे बोल.

एलिसेओ : खिडकीत वेन्डेलच होता. अकरा वर्षं रोज पहाटे त्यानेच मला फेऱ्या नेमून दिल्या. मध्येच लघवीला थांबायचं तरी त्यालाच फोन करून विचारावं लागे. आज मान वर केली नाही. म्हणाला, तुम्ही इथे कामाला नव्हतातच, तुमचा स्वतःचा व्यवसाय होता. पत्र तुमचं तुम्हीच लिहा.

आदेला : व्यवसाय म्हणे. ट्रक त्यांचा, दारावर नाव त्यांचं, माल त्यांचा. आपल्या लुसियाच्या लग्नाला अर्धा दिवस मागितलास, तर म्हणाले, गेलात तर उद्यापासून येऊच नका. आणि मालक कोण, तर तू.

एलिसेओ : कागदावर तसंच आहे. खाली सही माझी आहे.

आदेला : तो कागद कुणी वाचून दाखवला होता?

एलिसेओ : कुणी नाही. मीही म्हटलं नाही, वाचा म्हणून. काम मिळतंय, एवढंच दिसत होतं तेव्हा.

आदेला : आणि आज तसाच निघून आलास.

एलिसेओ : निघालो होतो. मालकाने आत बोलावलं. कॉफी दिली.

आदेला : कॉफी.

एलिसेओ : अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बसलो. म्हणाला, पत्र देतो, चांगलं देतो. तुम्ही सात जणांनी कामगार कार्यालयात लिहून दिलंय ना, आम्ही व्यावसायिक नव्हतो, नोकर होतो म्हणून? त्यातून तुमचं नाव काढून घ्या. आणि तिथे सांगा, तुमच्यातल्या त्या त्रान्सितोने भरीला घातलं.

आदेला : त्रान्सितोने? तो तर घाबरत होता. तूच गेला होतास त्याच्या घरी समजवायला.

एलिसेओ : तीनदा.

आदेला : एलिसेओ, सही केलीस?

एलिसेओ : पेन घेतलं होतं हातात.

आदेला : मी ते नाही विचारलं.

एलिसेओ : नाही केली. त्याचाही ट्रक गेला माझ्या नादाने. आता मासे साफ करतो बर्फाच्या खोलीत, बोटं वळत नाहीत त्याची. पेन ठेवलं आणि उठलो. मोठेपणा म्हणून नाही. हातच चालेना.

आदेला : बरं केलंस असं मला म्हणवत नाही. महिनाअखेरीला हे घर सोडून बहिणीच्या गॅरेजमध्ये जायचंय आपल्याला. पण सही करून आला असतास, तर जेवणाचं ताट तुझ्यापुढे कसं ठेवलं असतं, तेही कळत नाही. तक्रारीचं काय?

एलिसेओ : वकीलबाई दोन वर्षं म्हणतात. कदाचित जास्तच. निकाल आपल्या बाजूने लागलाच तर तोवर कंपनीने पाटी बदलून हात झटकलेले असतील, असंही म्हणाल्या.

आदेला : ओचोआबाईंना काय सांगितलंस?

एलिसेओ : परत गेलो, झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर विमावाल्यांना फोन लावला, भांडल्या. ते ऐकेनात. मग म्हणाल्या, रस्त्यावरचं काम देता येत नाही. कुंपणाच्या आत कंटेनर हलवायचं काम आहे. नवशिक्यांना देतात ते. पगारही तसाच. पण नोकरी पक्की. तीन वर्षं झाली की पत्र त्या स्वतः देतील.

आदेला : तीन वर्षांनी तू एकसष्टचा.

एलिसेओ : हो.

आदेला : आणि तेवढ्या पगारात गॅरेज काही सुटायचं नाही.

एलिसेओ : नाही सुटायचं.

आदेला : हो म्हणालास?

एलिसेओ : सोमवारपासून.

आदेला : नीट विचारून घेतलंस ना या वेळी? की नुसती मान हलवलीस?

एलिसेओ : एकच विचारलं. म्हटलं, मध्येच लघवीला जायचं झालं, तर कुणाची परवानगी घ्यायची?

आदेला : काय म्हणाल्या?

एलिसेओ : त्यांना प्रश्नच कळला नाही.