पाण्याखालचा पलंग

टाकीत बोट बुडवू नका राव, मासे बिचकत्यात; चहा घ्या आधी. ही टाकी सागवानी हाय. पोरगा पुण्यास्नं सुट्टीला आला की झोपायला पलंग केला व्हता, त्याच्याच ह्या फळ्या. पहिल्यांदा पाणी भरलं, तर सगळं फटीतनं चुलीपशी गेलं. मग शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद आत अंथरला, तवा कुठं पाणी थांबलं.

फळ्या ठोकताना आमचा सलीम सुतार म्हणाला बी, "आबा, पलंग मोडताय खरं, पण पोरगं आलं तर?"

म्हणलं, "आलं तर बघू. मासे तर उद्या बारामतीस्नं येणारच हायेत."

परवा पोराचा व्हिडिओ कॉल आला. मी हौसेनं मासे दाखवाय लागलो. त्यानं कोपरा ओळखला. "आबा, तिथला माझा पलंग कुठाय?"

"ह्यो काय, पाणी धरून बसलाय."

मला वाटलं, आता चिडतंय. तर म्हणतो कसा, "बरं केलंत आबा, सोबत झाली तुम्हाला. दिवाळीला आमचं यायचं काही जमत नाहीये."

म्हणलं, "बरं झालं बाबा. तुला झोपवायचं कुठं, ह्योच घोर लागला व्हता मला."