मेहल बोलावत नसतात

कोनेमारातल्या त्या छोट्या दवाखान्यात बार्ब्रा रक्तदाब तपासून घ्यायला आली होती. डोळे मिटून बसली होती, पण कान उघडे होते. समोरच्या बाकावर हाताला प्लास्टर घातलेले कोलमनकाका आणि त्यांची नात नॅसा बसले होते.

"आजोबा, आयरिशच्या परीक्षेला 'मेहल' हा शब्द आहे."

"एकमेकांच्या कामाला जमलेले शेजारी. त्यात काय शिकायचंय? पुस्तक काय म्हणतं?"

"पूर्वी कापणी करणाऱ्यांच्या टोळीला म्हणायचे. आणि शब्द स्त्रीलिंगी आहे."

"असणारच. बायका चहा-पाव घेऊन आल्या नसत्या, तर दुपारनंतर एक गडी टिकला नसता."

"मग तुम्ही का नाही बोलावत मेहल? जळणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या विटा अजून तिथंच पडल्यात. थंडीत शेगडीत काय घालणार, माझं पुस्तक?"

"मेहल बोलावत नसतात, पोरी. ती येते."

"आणि नाही आली तर?"

म्हातारा प्लास्टरवरची धूळ झटकत राहिला. बार्ब्रानं डोळे उघडले.

"काका, शनिवारी ट्रॅक्टर घेऊन येते. भावांनाही आणते."

"मी काही मागितलेलं नाही हं, बार्ब्रा."

"माझा नवरा गेला त्या वर्षी मीही मागितलं नव्हतं. सकाळी खिडकी उघडली, तर तुम्ही सहा जण माझं गवत कापत होतात."

"सात," काका ताठ बसत म्हणाले. "सात होतो आम्ही."

"मग चहा मी करू का?" नॅसानं विचारलं.

"तू अभ्यास कर. चहा काका करतील. एक हात मोकळाच आहे त्यांचा."