वेल्डिंग नको, ब्रेझिंग

मुलगी : वेल्डिंग करून द्या म्हटलं ना. पाटीवर तुम्ही तेच लिहिलंय.

वेल्डर : पाटी खरी आहे गं. पण तुझ्या बाबांच्या या सायकलची नळी पातळ आहे. वेल्डिंग केलं तर भोक पडेल. हिला ब्रेझिंग लागेल.

मुलगी : दोन्ही जोडणंच की. नाव बदललं की काम मोठं वाटतं, एवढंच.

वेल्डर : तसं नाही. वेल्डिंगमध्ये दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. कुठली कुणाची, नंतर ओळखू येत नाही. ब्रेझिंगमध्ये नळ्या वितळत नाहीत. मधे पितळ सोडायचं, ते फटीत उतरतं आणि दोघींना धरून ठेवतं. नळ्या होत्या तशाच राहतात.

मुलगी : टिकेल?

वेल्डर : मुळात ती तशीच जोडलेली होती. तुझ्या हातात येईपर्यंत टिकलीच ना? मोडली कशी?

मुलगी : पायऱ्यांवरून घातली. मुद्दाम. आईने विचारलं ना, तिने आणि तुम्ही लग्न केलं तर चालेल का, त्याच संध्याकाळी.

वेल्डर : तुला लागलं का?

मुलगी : कोपर खरचटलं. बाबा असते तर त्यांनी आधी सायकल बघितली असती, मग मला.

वेल्डर : त्यांना तुझी खात्री असती. मला अजून तुझं काहीच माहीत नाही.

मुलगी : रंग राहील ना? तो त्यांनी दिलाय.

वेल्डर : सांध्यापाशी चार बोटं जळेल. खोटं कशाला सांगू? बाकीच्याला ओली फडकी गुंडाळतो. जळलं तिथे गंज चढू नये म्हणून काहीतरी लावावं लागेल. ते तू लाव.

(बराच वेळ गॅसच्या ज्योतीचा आवाज. मग तो थांबतो.)

वेल्डर : हात नको लावूस, तापलंय.

मुलगी : आईने सांगितलंच असेल. बारा दिवस झाले, मी तिला उत्तर दिलेलं नाही.

वेल्डर : सांगितलं. तू हो म्हणेपर्यंत हा विषय बंद, असंही म्हणाली.

मुलगी : तरी तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

वेल्डर : विचारलं तर तू भिडेखातर हो म्हणशील, नाहीतर रागाने नाही. मला दोन्हीची भीती वाटते.

मुलगी : मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही. आडनावही बदलणार नाही.

वेल्डर : नको बदलूस.

मुलगी : आणि सायकल घरात, दाराशीच राहील.

वेल्डर : राहू दे. माझी स्कूटर मी रस्त्यावर लावीन.

मुलगी : मग आईला मी सांगते आज. तुम्ही आधी फोन करू नका, काका.