सदर इसम

(धुळे. मानसोपचाराच्या दवाखान्यातली खोली. टेबलावर टेपरेकॉर्डर.)

डॉक्टर : थांबा, झुलालभाऊ. पुन्हा 'सदर इसम' आला.

झुलाल : पोलिसांना दिलेल्या जबाबात तसंच आहे, मॅडम. सदर इसम विजेच्या खांबावर चढला असता खांब बुडातून मोडून मयत—

डॉक्टर : तुम्ही दोघं वायरमन. किती वर्षं बरोबर होता?

झुलाल : चौदा.

डॉक्टर : चौदा वर्षं त्याला 'सदर इसम' म्हणायचा?

द्रौपदाबाई : भिकन्या म्हणायचे. माझ्या हातची कळण्याची भाकर यांच्या डब्यातून तोच खायचा.

डॉक्टर : जबाब तुम्हाला पाठ आहे. स्वप्नात येतं ते दुसरंच असतं. ते सांगा. घरी बोलता तसं, अहिराणीत.

झुलाल : तुम्ही साताऱ्याकडच्या. तुम्हाला काय कळणार?

डॉक्टर : अडलं तर वहिनींना विचारीन. डोळे मिटा. आत्ता घडतंय असं सांगा. भीती चढेल, मग उतरेल. मागच्या वेळी उतरली ना?

झुलाल : उतरली.

डॉक्टर : आणि सोमवारी खांबावर चढायचंय. कामावर रुजू व्हायची तारीख तुम्हीच मागून घेतलीत.

द्रौपदाबाई : आठ महिने घरातला बल्ब मी बदलते, मॅडम. वायरमनची बायको.

डॉक्टर : टेप सुरू केला. बोला.

झुलाल : सकाळ शे. नरडाण्यानं शिवार. मी आन् भिकन्या खांबजोडे उभा शेतस. पाळी...

डॉक्टर : थांबू नका.

झुलाल : पाळी मनी शे.

डॉक्टर : 'मनी' म्हणजे?

द्रौपदाबाई : म्हणजे... माझी. चढायची पाळी यांची होती. मला पण हे आज कळतंय.

डॉक्टर : पुढे, झुलालभाऊ.

झुलाल : मना हातमा तमाखू शे. मी सांगस, भिकन्या, आज तू चढ, मी मळस. तो हासस. म्हनस, चिमूटभर माले ठेव. आन् चढस. खांब मोडस... मी त्याले एक हातवरी उचलस. दुसरा हातनी मूठ बंदच शे, मॅडम. मूठमा त्यानी चिमूट.

डॉक्टर : श्वास घ्या. त्याच्या वाटची चिमूट मुठीतच राहिली. खांब आतून गंजलेला तुम्हाला दिसत होता?

झुलाल : नाही. कुणालाच नाही.

डॉक्टर : पाळी बदलून घेणं पहिल्यांदाच झालं?

झुलाल : छे. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा महिनाभर मीच चढलो.

डॉक्टर : त्या महिन्यात खांब मोडला असता तर?

झुलाल : तर भिकन्या इथं बसला असता. या खुर्चीत.

डॉक्टर : त्याला तुम्ही काय सांगितलं असतं?

झुलाल : सांगितलं असतं... येड्या, पाळीचं काय घेऊन बसलास.

डॉक्टर : भीती दहापैकी किती?

झुलाल : सुरू केलं तेव्हा नऊ. आता पाच असेल.

डॉक्टर : ही कॅसेट रोज दिवसा एकदा ऐकायची. उठून जायचं नाही.

द्रौपदाबाई : मी बसते ना शेजारी. उठून दाखवा म्हणावं.

झुलाल : मॅडम, सोमवारी चढण्याआधी तमाखू मळली तर चालेल? आठ महिने डबी उघडली नाही.

डॉक्टर : डॉक्टर म्हणून नको म्हणायला हवं. मळा.

द्रौपदाबाई : थोडीच मळा.

झुलाल : थोडीच. चिमूटभर त्याले ठेवसू.