एक डोकं कमी

"हॅलो? तामारॅक शाळा, ऑफिस… कोण? लॉइस! वाटलंच मला. म्हटलं, अजून कसा फोन आला नाही… नाही गं, कामात कसली? आज मोजणीचा दिवस ना, आज मी रिकामीच. नखं रंगवत बसलेय."

व्हर्नाच्या कान आणि खांद्याच्या मध्ये फोन अडकला होता, एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्या हाताने ती पेस्टीच्या भट्टीकडे बघायला स्वयंपाकिणीला खुणावत होती. गेली बावीस वर्षं ती तामारॅकच्या शाळेत कारकून होती, आणि तिची थोरली बहीण लॉइस नदीपलीकडच्या बेल्फरच्या शाळेत. हुद्दा तोच. फरक एवढाच की बेल्फरला पोहण्याचा तलाव होता आणि तामारॅकचं छप्पर गळायचं. ऑक्टोबरातल्या या एका बुधवारी जेवढी मुलं बाकावर बसलेली सापडतील, तेवढ्या डोक्यांमागे मिशिगनचं सरकार शाळेला वर्षभराचे पैसे देई. इतर दिवशी मुलं आली काय नि रानात हुंदडली काय, राजधानी लान्सिंगच्या साहेबांना त्याचं फारसं सोयरसुतक नसे.

"किती? आधी तू सांग… नाही, तू थोरली, तुझा मान… चारशे आणि…? बरं, बरं, पुढचं राहू दे. तुमचं काय बाई, तुमच्याकडे पोरं आपोआप येतात, गुळाला मुंगळे… जळत नाहीये मी. मला कशाला जळायचंय? …लॉइस, आवाजावरून जळणं कळत नसतं.

"आमचं? आमचं झकास. सगळ्यांना गरम पेस्टी. कणकेच्या पारीत बटाटा, सलगम, खिमा, अगदी आईची कृती… हो, कृतीचा कागद तुझ्याकडेच आहे, आईनं तुलाच दिला, माहितेय मला. मी चवीवरून आठवून केलीय. आणि जो हजर त्याच्या नावाची चिठ्ठी. सोडतीत सायकल! नवी कोरी… अगं ऐक ना… लाच कसली? प्रोत्साहन म्हणतात त्याला. तुम्ही तलाव खणलात, ती काय तपश्चर्या होती?

"हो, महत्त्वाचं बोलायचंय, कळलं. पण आधी कोस्कीच्या जुळ्यांचं ऐक. बापाबरोबर अस्वलाच्या शिकारीला गेलेली! मी रानातल्या खोपटावर माणूस धाडला आणि सकाळी सकाळी दोघांना बाकावर आणून बसवलं. अस्वलाला आमिष म्हणून शिळे डोनट टाकतात ना, त्याचा वास मारतोय पोरांना. तिसरीच्या वर्गानं खिडक्या उघडल्यात. पण हजर! …आणि लिंडग्रेनची मुलगी. रात्रभर उलट्या. आईनं ब्लँकेटात गुंडाळून आणली, बाईंनी नाव घेतलं, पोरगी 'हजर' म्हणाली, बादलीत ओकली आणि घरी गेली… बसतं नियमात. मी विचारून घेतलंय.

"एकूण किती? …सांगते ना. काय घाई आहे? …एक कमी पडतंय, झालं समाधान? …तुमच्याकडे एक म्हणजे खिशातली चिल्लर गं. आमच्याकडे एक म्हणजे नीमीबाई. मंडळानं बजावलंय, पट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की बालवर्ग आणि पहिली एका खोलीत, आणि नीमीबाईंना नारळ. अर्ध्या गावाला बुटाच्या नाड्या बांधायला शिकवल्या त्या बाईनं.

"कोण म्हणजे? आपला टॉइवो! माझाच नातू. नेमका आज ताप. कार्लाचा सकाळी निरोप, 'आई, त्याला बरं नाही.' मी म्हटलं, पाच मिनिटं आण, लिंडग्रेनची बादली अजून इथेच आहे. तर हिनं फोनच बंद केला. पोटची पोर, पण आईच्या शाळेची कदर नाही. आता मीच जाते आणि पांघरुणासकट उचलून… काय?

"ताप नाही? तुला गं काय माहीत, नदीपलीकडे बसून? …समोर? तुझ्या समोर म्हणजे कुठे?"

पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. व्हर्नानं ती उचलली नाही.

"तुझ्या ऑफिसात… कार्ला घेऊन आली… नाव घालायला. आज? मोजणीच्या दिवशी? …तूच बोलावलंस. नाही, तूच! तलाव दाखवलास, तो वर चढायचा भिंतीचा खेळ दाखवलास… लहानपणापासून सवयच आहे तुला. जत्रेत ब्लूबेरी पायचं बक्षीस, ते माझं होतं… नुसती साखर घातली म्हणून तो ब्लूबेरी पाय तुझा होत नसतो! आणि आता नातू? स्वतःचे पाच आहेत की तुला!

"ओरडत नाहीये मी. नीमीबाई दारात आल्यात, त्यांच्याकडे बघून हसतेय… काही नाही, नीमीबाई, लॉइसचा फोन! सगळं छान! पेस्टी घ्या गरम आहे तोवर! …हं. बोल. इतका वेळ हेच सांगायला फोन केला होतास?

"का पण? तलावासाठीच ना? …मग? …काय म्हणाला? परत सांग."

यानंतर बराच वेळ लॉइस बोलत होती आणि व्हर्ना खिडकीतून मैदानाच्या भिंतीकडे बघत होती.

"…हो, चौथीत मुलगा तो एकटाच. बाकी मुली. चांगल्या आहेत की मुली… भिंतीशी चेंडू खेळतो ते माहितेय मला. रोज बघते खिडकीतून. मीच सगळ्यांना सांगायची, बघा किती शहाणं पोर, कुणाला त्रास नाही… वाढदिवसाला? मी होते, नीमीबाई होत्या. केक उरला, हो. बराच उरला…

"असंच म्हणाला? 'मित्र हवाय'? …मग मला का नाही सांगितलं? …मी रडेन म्हणून? मी कधी रडलेय? …हे कांद्यानं. पेस्टीत कांदा असतो, लॉइस. आईच्या कृतीत लिहिलेलं असेल, बघ.

"बोल, ऐकतेय… कागदच भरले नाहीस? म्हणजे पटावर तो अजून आमचाच… आजचा दिवस इथे बसेल, उद्यापासून तिथे. आणि तुमचं एक कमी झालं तर? …'चालेल.' चालेल म्हणे! उरतंय म्हणून देतेस तू. जन्मभर हेच. तुझा कोट आखूड झाला, द्या व्हर्नाला. तुझे बूट घट्ट झाले, द्या व्हर्नाला, टाचा झिजलेले. बर्फावरचे स्केट दिलेस, त्यातल्या एकाला नाडी नाही. आणि आता माझाच नातू मला एक दिवस वापरायला देतेस? उतरवलेल्या कोटासारखा? …नको मला. ठेव तुझ्याकडे. घाल नाव, मिरव, चारशेच्या वर आणखी एक!"

बाहेर नीमीबाई एका बारक्यासमोर गुडघ्यावर बसल्या होत्या. गुडघे आता पूर्वीसारखे वळत नव्हते, म्हणून एक हात भिंतीला टेकलेला. दुसऱ्या हातानं त्या त्याला बुटाच्या नाडीचा सशाच्या कानासारखा फास करून दाखवत होत्या. बारक्याचं लक्ष पेस्टीच्या वासाकडे होतं.

"…लॉइस? आहेस ना? ठेवलास की काय? …अगं, नको म्हटलं की थोरल्या बहिणीनं लगेच ऐकायचं नसतं. एवढंही कळत नाही? …कार्ला काय म्हणते? …तिलाही चालेल. तिला माझ्याशी बोलायचंय? नंतर. आधी तू निघ. सोडतीच्या आधी पोच, पुलावर काम चाललंय, खोळंबा होईल. आणि गाडीतली ती तुझी गरम होणारी सीट चालू कर. त्याच्या अंगात कोट आहे ना?

"…कुणाचा? …तुझ्या नातवाचा. जुना.

"…बाह्या झिजल्यात का? …बघ नीट. बघून सांग… नाही झिजल्या. बरं.

"दे त्याला… टॉइवो? नाही रे राजा, नाही रागावले. ताप उतरला का? …हो, चेष्टा करतेय आजी. आजचा दिवस ये इकडे… सायकल ज्याची चिठ्ठी निघेल त्याची. नाही, मी बघून काढणार नाही. आजी असली तरी नाही… उद्या? उद्या जा की तिकडे. जा. आजीला काही होत नाही… अरे वा, उद्या शाळेच्या बसमध्ये? 'बस माझ्याजवळ' म्हणाला? कोण तो मुलगा? …नावच नाही विचारलंस? वेड्या, मग उद्या पहिलं काम ते. आधी नाव विचारायचं, मग पोहायचं… दे आता मोठ्या आजीला.

"हं. लॉइस, हे बघ, मी आभारबिभार मानणार नाहीये… माहितेय ना? मग झालं. आणि पटावर उद्यापासून तो तुझा, पण आजी मीच. लान्सिंगला ते कळवायची गरज नाही… हो… हो गं, हळू चालव… बरं, ठेव आता. नाही, थांब! तू नको ठेवूस. जन्मभर तूच आधी ठेवतेस. आज मी—"

तिनं फोन आपटला. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन पेस्टी निवडून फडक्यात बांधल्या. सगळ्यात फुगलेली टॉइवोला. दुसरी एका कडेला करपली होती, ती लॉइसला.