शफी टेलरचा पेंग्विन

—आता लगीच कशाला उघडतोस तो कंपुटरचा डबा? आदी टेक की जरा. चहा ठिवलाय. पुण्यावरनं आलास, विंझरला घरी जायचं सोडून वाट वाकडी करून भोरात उतरलास, शनिवारची सुट्टी घालवलीस — आन् ती बी कशापायी, तर आमच्या कंपुटरपायी. लई मोठा दोस्त हायेस बाबा मोहसीनचा. नागसेन ना नाव? व्हय, फोनवर सांगत असतो, अम्मी, माझ्या हापिसातल्या नागसेनला कंपुटरातलं समदं कळतं. कळत आसंल. त्याला बी समदं कळतं. फकस्त भोरची एस्टी कुठनं सुटती तेवडं कळत न्हाई — तुला कळलं, ह्यो चमत्कारच म्हणायचा.

आन् पिशवीत काय हाय? सीडी. बरं. आन् ह्ये? ह्ये दोन शिंगांचं? खेळायचं ह्येनं? दोनी हातांनी धरून, दोनी अंगठ्यांनी? वा! ज्या माणसाचा उजवा हात वारं गेल्यापासनं नुसता लटकतोय, त्याच्यासाठी दोन हातांची वस्तू. इंजिनेर काय उगंच व्हत न्हाई कुणी. — अगं बया, तुला म्हाईतच न्हाई? त्यानं सांगितलं न्हाई? मग तुजी काय चूक. घरचं कुठं काय सांगतोय तो. मला वाटलं पुण्यात गेल्यावर तोंड उघडत आसंल.

मग ऐक. ह्यांना शफी टेलर म्हणत्यात. डेपोपासनं पार नदीच्या पुलापतोर कुणालाबी इचार. कचेरीतल्या सायबांचे कोट ह्यांच्या हातचे. आन् आमचे चिरंजीव, पयला पगार झाला तसे ईदला आले ते रेडिमेड प्यांट-शर्ट घालून! हिकडं ह्यांनी त्याचा कुर्ता शिवून, इस्तरी मारून खुंटीला लावलेला. समदी जमात बगती — टेलरचा पोरगा, आन् मानंला दुसऱ्याचं लेबल. ईदगाहवर पोरगा गळाभेटीला म्होरं झाला, तर ह्यांनी त्याच्या कॉलरीला हात लावला, शिलाई उलटी करून बगितली, आन् म्हणले, ‘धागा लोंबतोय.’ बास. ईद मुबारक न्हाई, काय न्हाई. तवापासनं बापलेक बोलायचे बंद. म्या मदी. ‘सांग तुझ्या पोराला’, ‘सांग अब्बांना’ — एका खोलीत बसून बरं का. टेलिफोन खात्यानं मला पगार द्यायला पायजे हुता.

मग ह्यांना वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय थोडा आला, हात न्हाई. डाक्टर म्हणला, पाय हालवत ऱ्हावा, न्हाईतर त्यो बी जाईल. हालवत्यात व्हय! ‘मी काय शाळंतलं पोर हाय कवायत कराया?’ तवा मोहसीन रजा काडून आला. बापाशी शब्द न्हाई. ह्ये खाटंवर, तो जमिनीवर, आन् मदी ही पायमशीन उघडून पडलेली. पट्टा काडला, जुना माऊस फोडून त्याच्या पोटातली चाकं मशीनच्या चाकाला लावली, हातचाक उजवीकडचं डावीकडं आणलं. पायडल मारलं की कंपुटरच्या पडद्यावरचा पेंग्विन बर्फाच्या डोंगरावरनं पळतो, डाव्या हातानं चाक फिरवलं की वळतो. — पेंग्विनच का? मला काय इचारतोस, तुमचंच लिनक्स, त्याच्या निशाणीवरचा तुमचाच पक्षी! फुकट मिळतं म्हणला. म्या म्हणलं, बापाच्या जिवासाठी फुकटचंच बरं गावलं तुला.

सुरवातीला त्यो पेंग्विन वरंध्याच्या घाटातल्या एस्टीवानी, हितं थांब, तितं थांब. मोहसीन म्हणला, ग्राफिकचा ड्रायव्हर बसला न्हाई. म्या म्हणलं, मग कंडक्टरला सांग. हासला न्हाई. बापावर गेलाय. पर जायच्या दिशी त्यानं बसवला त्यो ड्रायव्हर, आन् आसा पळाला पेंग्विन, आसा पळाला — ह्ये पायाकडं बगायचंच इसरले. धडाधड पायडल. जल्मभर मारलेलं पायडल ते, पायाला काय शिकवायला लागतंय? डाक्टरला जमलं न्हाई ते एका पक्ष्यानं केलं. पर ‘बरं केलंस’ म्हणले का पोराला? नाव नको. पोरगा गाडीत बसला तवा ह्ये खेळत हुते.

म्हयन्याभरानं पडदा काळा. नुसती पांढरी अक्षरं. रविवार हुता. म्या मोहसीनला फोन लावला, तर म्हणला, वाच अम्मी काय लिवलंय. म्या कुठली वाचती इंग्रजी! ह्ये चौथी शिकलेले, पर बिलावर सायबांची नावं इंग्रजीत लिवायचे. म्हणून रिसीवर नेऊन ह्यांच्या कानाला लावला, धरला घट, म्हणलं आता काय व्हायचं ते हू दे. ह्यांनी पडद्याकडं बगितलं. मग म्हणले — ‘काळं दिसतंय.’ एवड्या दिसांनी बाप लेकाशी बोलला काय, तर काळं दिसतंय! आन् तिकडनं तो म्हणतो, ‘अब्बा, मी एकेक अक्षर सांगतो, तुम्ही दाबा.’ अब्बा म्हणला, नागसेन. मला रडू आलं, सांगते की, त्यात लाज कसली. चहा उतू गेला त्या दिशी.

हां, घे, चहा घे. — काय म्हणलास? कोण म्हणतं? मोहसीन म्हणतो अब्बांच्या पायानं बिघडतं? जोरात हाणत्यात म्हणून दर आठवड्याला बिघडतं? आन् म्हणून तू ते पायडल काडून टाकणार, नवी सीडी घालणार, आन् ड्रायव्हरचं नाव लिवलेल्या त्या फाईलीला कुलूप लावणार — म्हंजी परत फोन कराया नको? आरं वा! लई भारी इलाज काडलाय दोगांनी. ऐक, ह्यांच्या पायाला नाव ठिवायचं काम न्हाई. ह्या पायानं त्या मोहसीनची फी भरली. ह्यांच्या पायानं आजवर सुई मोडली न्हाई, तर तुमचा कंपुटर मोडतोय व्हय? पायानं काय व्हत न्हाई. पायाचा काय संबंद न्हाई. ते म्या — काय न्हाई. साखर बरुबर हाय का?

आसा बगू नकोस माझ्याकडं. बरं, म्याच करते. झालं समाधान? आरं, नीट झालं तवा म्होरल्या रविवारी फोन आला — ‘चालतंय का?’ ‘चालतंय.’ ‘बरं, ठिवतो.’ त्याच्या म्होरल्या रविवारी बी तेच. चांगल्या चालणाऱ्या मशीनवर माणूस बोलणार तरी काय? म्या ध्यान दिऊन बगितलं हुतं, कंच्या फाईलीत, कंच्या ओळीत ते दाबत्यात. त्या ड्रायव्हरच्या नावातलं एक अक्षर खाल्लं की काम झालं. शनिवारी सांजच्याला ह्ये नमाजला गेले की एक अक्षर खाते, रविवारी बापलेक दोगं मिळून ते परत बशिवत्यात. आन् तुमचं ते मशीन परत चालू व्हायला येळ लावतंय ना — अल्लाचं भलं हू दे — तवर गप बसवत न्हाई माणसाला. मग ह्ये इचारत्यात, जेवलास का. तो सांगतो, मेस बंद हाय. मागल्या रविवारी ह्ये म्हणले, ‘कमर किती झाली आता तुजी?’ कमर इचारली, नागसेन! टेलर कमर कवा इचारतो, तुला कळत न्हाई? त्याला तरी कळलं का, कुणास ठावं. म्हणला, ‘बगून सांगतो.’ उद्याच्याला सांगणार हाय. आन् तू आज कुलूप घिऊन आलास.

इस्वास न्हाई? लाव मग चालू. लाव की! आज म्या आजून हात बी लावला न्हाई — ह्ये आत्ता नमाजला गेले, आन् मागोमाग तू टपकलास. बग कसा पळतो पेंग्विन. हाण पायडल, तुझ्या पायानं तरी बिघडतंय का बग.

…काळं? आसं कसं काळं? सरक, बगू दे. — न्हाई बाबा, अल्लाशप्पत म्या न्हाई. आज न्हाई. तुजी सीडी घातलीस का? न्हाई ना? मग आपसूक झालं आसंल. — अक्षर आपसूक जात न्हाई? कुणीतरी दाबल्याबिगर न्हाई जात? कंचं गेलंय? म्या तर कायम शेवटचं खाते. ह्ये तर मदलं गेलंय. हितं दुसरं हाय कोण… म्या आन् ह्ये… 

ऊठ. ऊठ आदी. हात लावू नकोस, बंद कर, हुतं तसं ठिव. ती सीडी घाल पिशवीत, ती शिंगं बी घाल. मोहसीनला सांग, लई बगितलं, न्हाई व्हत दुरुस्त. जुनं हाय, आसंच चालायचं. ह्यांच्या काठीचा आवाज येतोय बग — डोळं पूस, म्हंजी म्या पुसते, तू नीग. विंझरची गाडी जाईल तुजी. नीग म्हणलं ना!

—कुणी न्हाई वो. मोहसीनचा दोस्त हुता, चहापुरता आलता. न्हाई, न्हाई, त्यानं कायसुदिक केलं न्हाई त्येला. हाय तसंच बिघडलेलं हाय.